मंठ्याच्या चौकातला चंद्र

दिग्या,

परवा दुपारी तुझी शीतल दुकानात आली. हातात तुझा फोटो होता. तेराव्याच्या कार्यक्रमाला श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागेल काका, म्हणाली. या दुकानातून मी आजवर किती माणसांना श्रद्धांजली वाहिली, त्याला मोजदाद नाही. दोन कोपऱ्यांत समया, खाली पाकळ्या, मधे गोलात फोटो आणि वर ठळक अक्षरांत 'भावपूर्ण'. कॉम्प्युटरमध्ये सगळं तयार असतं, नाव आणि चेहरा तेवढा बदलायचा. दहा मिनिटांचं काम. तुझं मात्र दोन दिवस झाले, अडून बसलंय.

झालं असं, की तुझा फोटो त्या गोलात ठेवला आणि माझा हातच चालेना. तुझा चेहरा मी याआधी एकदाच फ्लेक्सवर छापला होता, आणि त्यापायी दोन वर्षं तू माझ्या दुकानाची पायरी चढला नाहीस. आता दुसऱ्यांदा छापायचा तर तुझी परवानगी घ्यायला हवी. आणि तू तर जेवून दुपारी आडवा झालास तो उठलाच नाहीस. म्हणून शीतलला म्हटलं, पोरी, मला जरा वेळ दे. आणि शटर अर्धं ओढून हे लिहायला बसलो.

आपलं दोघांचं जमलं कसं, याचं लोकांना नवल वाटायचं. मंठ्याच्या शाळेत एका बाकावर बसलो, एवढंच काय ते सारखं. तू जन्मभर मोजणी खात्यात. दोन भावांच्या मधल्या बांधावर उभं राहून हद्दीचा दगड मुळात कुठं होता ते सांगणारा. वीतभर जमिनीसाठी एकमेकांच्या अंगावर जाणारी माणसं तुझ्यापुढं गप्प व्हायची, कारण तुझी मोजणी फिरत नसे. आणि मी माणसांना आहेत त्यापेक्षा मोठं करून चौकात टांगणारा. ज्याला घरात कोणी विचारत नाही त्याचा मी 'युवकांचे आशास्थान' करून देतो. तू म्हणायचास, "सुध्या, तू एका दिवसात जितकं खोटं छापतो तितकं मी सगळ्या नोकरीत ऐकलं न्हाई." मी म्हणायचो, तुझ्या खऱ्यावर कोणाचा वाढदिवस साजरा होत नाही.

तुझं खरं मलाही एकदा भोवलंय. माझ्या आणि माझ्या धाकट्या भावाच्या शेताची मोजणी तुझ्याकडे आली, तेव्हा मी निर्धास्त होतो. आपलाच माणूस आहे म्हटलं. तू दिवसभर उन्हात मोजलंस आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगितलंस की सुधाकरचा बांध दोन फूट भावाच्या हद्दीत गेलाय. मी तुला नाही नाही ते बोललो. तू ऐकून घेतलंस आणि आठ दिवसांनी न बोलावता माझ्या घरी येऊन जेवायला बसलास. भाकरी मोडता मोडता म्हणालास, "दगड हालवता येत न्हाई रे. दोस्ती थोडी हालती तर चालती." तो बांध मागं घेतला म्हणून आज माझा भाऊ माझ्याशी बोलतो. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत.

गुरू ग्रहाचं वेडही तुला नोकरीतच लागलं. टेंभुर्णीकडची एक मोजणी आवरता आवरता दिवस मावळला, आणि सामान बांधताना तू सहज मोजणीच्या मशीनची दुर्बीण आभाळाकडं केलीस. गुरूच्या शेजारी चार ठिपके, एका रेषेत. पुढं महिनाभर तू मला तेच सांगत होतास. मग वाचून वाचून तुला कळलं की ते चार म्हणजे मोठे, शिस्तीचे चंद्र. त्यांच्या पलीकडं, फार लांब, कितीतरी बारके चंद्र आहेत आणि त्यांना कसली म्हणून शिस्त नाही. त्यांच्या वाटा तिरक्या, लांबुळक्या. कित्येक तर उलट्या दिशेनं फिरणारे. गुरूच्या घरचे नव्हेतच ते बहुतेक, कधीकाळी जवळून जाताना त्यानं धरून ठेवलेले. म्हणजे आपल्यासारखे मागच्या बाकावरचे, मी म्हणालो. तुला ते पटलं. चार शहाण्यांना सोडून तू या उंडग्यांच्या मागं लागलास.

रिटायर झालास आणि रोज दुपारी दोनच्या सुमाराला पेनड्राइव्ह घेऊन दुकानात यायला लागलास. चंद्र शोधायला रात्र लागते अशी माझी समजूत. तू सांगितलंस की रात्रीचं काम दुसऱ्यांनी करून ठेवलंय. लांबच्या देशांत डोंगरांवर मोठाल्या दुर्बिणी आहेत, त्यांनी काढलेली आभाळाची जुनी चित्रं कोणालाही बघायला मोकळी असतात. ती इतकी जड की तुझ्या घरच्या कॉम्प्युटरला झेपत नव्हती. माझ्याकडं फ्लेक्ससाठी घेतलेला मोठा पडदा होता. दुसऱ्या टेबलावर तू बसायचास. बाहेर एप्रिलचं ऊन, चौकात चिटपाखरू नाही, डोक्यावर पंखा, आणि छपाईचं मशीन या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत एकाच सुरात गुणगुणतंय. माझ्या पडद्यावर कोणाचे तरी दात पांढरे करायचं काम चालू, आणि तुझ्या पडद्यावर काळंभोर आभाळ. अशा आपण किती दुपारी काढल्या.

त्यातल्याच एका दुपारी तू मला हाक मारलीस. आभाळाच्या एकाच तुकड्याची तीन चित्रं, तासाभराच्या अंतरानं काढलेली, तू एकामागून एक दाखवायला लागलास. मला नुसते तीळ सांडल्यासारखे दिसले. तू म्हणालास, "ताऱ्यांकडं बघू नको. ते हद्दीचे दगड हायेत, जागचे हालत न्हाईत. जे हालून राह्यलं तेवढंच बघ."

मी बघत राहिलो. जेवण झालेलं, डोळ्यांवर झापड. त्या गुंगीतच एक अगदी फिकट ठिपका जागचा सरकलेला दिसला. पुन्हा पहिलं चित्र, दुसरं, तिसरं. सरकला. मशीनचा आवाज कुठंतरी लांब गेला. कोट्यवधी किलोमीटरवरची एक वस्तू भरदुपारी मंठ्यात, माझ्या दुकानात चालत होती, आणि ते फक्त आपण दोघं बघत होतो. मला त्या वेळी काय वाटलं ते मी तुला सांगितलं नाही. डोळे दुखले म्हणालो आणि दात पांढरे करायला परत गेलो. आज सांगतो दिग्या, मला रडू आलं होतं.

भांडण मात्र त्याच दुपारी सुरू झालं. दोनेक किलोमीटरचा दगड, धड गोलसुद्धा नाही, त्याला चंद्र कसं म्हणायचं, हा माझा मुद्दा. ज्याच्या उजेडात माणूस शेतातून घरी येतो तो चंद्र. हे तर ढेकूळ. तू शांतपणे सांगितलंस की एका गुंठ्याच्या तुकड्यालाही गट नंबर असतो, बारका आहे म्हणून त्याला कोणी जमीन नाही असं म्हणत नाही. गुरूला एक फेरी घालायला हा दोन वर्षं लावतो, पण घालतो ना, मग झाला चंद्र. मी म्हटलं, फेरी तर मंठा-जालना बसही घालते. "मंग तिला पण नंबर असतो," तू म्हणालास. हा वाद आपण चहासोबत रोज घ्यायचो. तो मिटला नाही, आणि मिटावा असं मला वाटतही नव्हतं.

तो ठिपका कुठल्याच यादीत बसत नव्हता. माहीत असलेला प्रत्येक चंद्र त्या दिवशी कुठं असायला हवा ते तू ताडून पाहिलंस, त्या जागी एकही नव्हता. पंधरा दिवस तू मोजलंस, पुन्हा मोजलंस, आणि मग परदेशात अशा नोंदी जिथं जमा होतात त्या कचेरीला पत्र पाठवलंस. मी म्हटलं, झालं, आता पेढे. तू म्हणालास, "उत्तर येऊ दे, मंग बोलू. तोवर कोणापाशी बोलू नको." तू मला इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितलं होतंस.

माझ्याच्यानं चार दिवस निघाले नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी मंठ्याच्या चौकात दहा बाय पंधराचा फ्लेक्स लागला. गुरू ग्रहाच्या नवीन चंद्राचा शोध लावणारे आपले भूमिपुत्र दिगंबरराव यांचे हार्दिक अभिनंदन. तुझा ठिपका मोठा करून पाहिला तर शाईचा डाग वाटत होता, म्हणून मी सरळ आपला पौर्णिमेचा चंद्र टाकला. तुझ्या पासपोर्ट फोटोला कोट आणि टाय चढवला. चौकातल्या व्यापाऱ्यांनी शाल आणली, नारळ आणला, तुला घरून जवळजवळ उचलूनच आणलं. फ्लेक्सखाली उभा राहून तू वर पाहिलंस आणि माझ्या कानाशी म्हणालास, "ह्याच्यात तर ससा हाय. माझ्या चंद्रावर सशानं उडी मारली तर तो खालीच येत न्हाई." लोक टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, तू खूश आहेस.

आठवडाभरानं उत्तर आलं, तेही माझ्याच दुकानात. बाकड्यावर पाच-सहा जण चहा पीत बसले होते. तू मेल उघडलास आणि मला कुठला दम धरवतोय, मीच मोठ्यानं वाचून मराठीत सांगायला लागलो. पहिल्याच ओळीत होतं की हा चंद्र नवा नाही, काही वर्षांपूर्वीच दुसऱ्यांना सापडलेला आहे. मी तिथंच थांबलो, पण सगळ्यांनी ऐकलं होतं. घाईघाईनं मी ते पान बंद केलं. बाकड्यावरचा एक जण म्हणाला, "म्हंजी सातबारा दुसऱ्याच्या नावावर निघाला." सगळे हसले. मीही हसलो. लाजेनं हसलो, पण हसलो. तू पेनड्राइव्ह काढून खिशात घातलास आणि गेलास.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी आलो. वहिनींनी पाणी दिलं, चहा टाकला. मी काय काय बोललो ते सगळं आठवतं मला, कारण ते सगळं चुकीचं होतं. लोक चार दिवस बोलतील आणि विसरतील. चौकात रोज नवा फ्लेक्स लागतो, जुना कोणाच्या लक्षात राहतो. आणि मी जे केलं ते तुझ्यासाठीच केलं. तोवर तू खाली बघून ऐकत होतास. या वाक्याला वर पाहिलंस.

"माझ्यासाठी न्हाई, सुध्या. खाली कोपऱ्यात तुझ्या दुकानाचं नाव होतं. ते माझ्या नावापेक्षा मोठं होतं. मी मोजलं."

मोजलं असणारच तू. मी चहा न पिता उठलो.

त्यानंतर तू भाजीबाजारात दिसायचास. एका लग्नात पंगतीत समोरासमोर बसलो, नुसती मान हलवली. मंठा ते केवढं, टाळायचं म्हटलं तरी माणूस समोर येतोच. दुपारी दोन वाजले की माझी नजर दाराकडं जायची. तुझ्या टेबलावर मी शाईचे डबे रचून ठेवले, मग ते तिथं बघवेनात म्हणून काढले. मला वाटायचं, मी तुझं वेड मोडलं. एका माणसाला उतारवयात इतका निर्मळ नाद लागला होता, आणि मी तो चौकात टांगून त्याचं हसं केलं. असं मला कोणी म्हटलं नाही. पण मला ते रोज वाटायचं, अगदी दाताला लागलेल्या कळेसारखं.

आणि तरी मी आलो नाही. बांधाच्या वेळी तू आला होतास, या वेळी पाळी माझी होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण यायचं म्हणजे तुझं म्हणणं कबूल करायचं. खरं सांगायचं तर फ्लेक्स मी थोडा तुझ्यासाठी केला, थोडा दुकानासाठी, आणि सगळ्यात जास्त स्वतःसाठी. चंद्र शोधणारा माणूस माझा दोस्त आहे, रोज माझ्या दुकानात बसतो, हे मला सगळ्या गावाला दाखवायचं होतं. तुझ्या दारापर्यंत पाच मिनिटांचा रस्ता होता. मी दोन वर्षं तो चाललो नाही.

तू गेल्यापासून दुपारी दुकानात डोळा लागला की मला एकच दिसतं. तू त्या ढेकळावर उभा आहेस. पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, हातात मोजणीची जुनी साखळी. तूच सांगितलं होतंस की ते इतकं लांब आहे, तिथून गुरूसुद्धा आपल्या चंद्राहून थोडा लहानच दिसेल. तर तसा तेवढासा गुरू डोक्यावर आहे, फिकट पट्ट्यांचा, आणि तू साखळी टाकत चालला आहेस. सहा-सात किलोमीटरचा घेर. सकाळी निघालं तर जेवणाच्या वेळेला परत. पाऊल अगदी हलकं टाकतोस, कारण पाय जमिनीवरून सुटला तर खाली येता येत नाही हे तुला ठाऊक आहे. साखळीचं दुसरं टोक माझ्या हातात आहे. ऊन नाही, वारा नाही, बांधाला भांडायला कोणी नाही. चारी बाजूंना ते जागचे न हलणारे तारे. तू एक दगड रोवतोस, मागं वळून बघतोस, बराबर आहे का म्हणून मला विचारतोस. मी हो म्हणतो. मग छपाई संपते, मशीन थांबतं आणि मला जाग येते.

इथवर लिहून झालं आणि आज शीतल परत आली. फ्लेक्स झालेला नव्हता. तिला वाटलं मला फोटो पसंत नाही, म्हणून यात आणखी आहेत म्हणत तिनं पिशवीतून तुझा लॅपटॉप काढला. तुझ्याकडं लॅपटॉप आहे हेच मला माहीत नव्हतं. फोटो शोधता शोधता तिनं एक फाइल उघडली आणि मी खुर्चीत पुढं सरकलो. काळं आभाळ. त्याच्याखाली तारखा आणि आकडे, तुझ्या मोजणीच्या वहीत असायचे तसे सरळ रकाने. पहिली नोंद माझ्या दुकानातली. शेवटची, तू गेलास त्याच्या आदल्या आठवड्यातली.

शीतलला सगळं ठाऊक होतं. तिनं परदेशातल्या कचेरीचं ते जुनं उत्तर काढून मला शेवटपर्यंत वाचून दाखवलं. चंद्र नवा नाही, ही फक्त पहिली ओळ होती. पुढं लिहिलं होतं की तो सापडला तेव्हा थोडेच दिवस दिसला, त्याची वाट पक्की ठरली नाही, त्यामुळं यादीतली त्याची जागा चुकत गेली आणि तो जवळजवळ हरवलाच होता. तुमच्या मोजणीमुळं तो परत हाती लागला. आणखी जुन्या चित्रांत दिसला तर कृपा करून कळवत राहा. आणि तू कळवत राहिलास. दोन वर्षं, घरी बसून, दुपारच्या जेवणानंतर. ते ढेकूळ या घडीला कुठं आहे हे जगाला सांगता येतं, त्यात तुझा हात आहे. घे, चंद्र म्हणतो त्याला. तू जिंकलास.

मी ते पान बंद केलं नसतं तर बाकड्यावरच्या त्याच लोकांना पुढची ओळ ऐकू गेली असती. हे आठवून मला चटका बसला. पण त्याच्या आधी, खरं सांगतो, मला फार हलकं वाटलं. मी तुझं वेड मोडलं नव्हतं. तू थांबला नव्हतास, फक्त मला सांगायचं थांबला होतास. आणि मग त्याचंच वाईट वाटायला लागलं. मी शीतलला विचारलं, तुझ्या पप्पांचा माझ्यावर इतका राग होता का.

ती लगेच म्हणाली, "राग कशाचा, काका. मीच दोनदा म्हणलं त्यांना, सुधाकरकाकाला सांगा की, खूश होतील. तर हासून राह्यले. म्हणले, त्याला सांगितलं की तो पुन्हा फ्लेक्स लावंल. डोळ्यांत पाणी येईस्तोर हासले."

तिच्यासमोरच मी तुझा फ्लेक्स केला. समया काढल्या, पाकळ्या काढल्या, 'भावपूर्ण' काढलं. तुझा फोटो, त्याच पांढऱ्या शर्टातला, आणि खाली तुझं नाव. मशीन चालू असताना शीतलनं सहज विचारलं, "काका, पप्पांनी सांगितलं असतं तर तुम्ही खरंच फ्लेक्स लावला असता का?" मी म्हटलं, बिलकुल न्हाई, पोरी. एकदा चुकलो तेवढं बस झालं. तिला ते खरं वाटलं. गुंडाळी घेऊन ती गेली.

आता दुकानात मी एकटाच आहे, आणि तुझ्यापुढं सूतभरही इकडचं तिकडं चालत नाही. लावला असता दिग्या. वीस बाय तीसचा लावला असता. 'हरवलेला चंद्र परत आणणारे' असं वर मोठ्या अक्षरांत छापलं असतं, तुला कोट घातला असता, ससासुद्धा ठेवला असता. आणि तू पुन्हा दोन वर्षं माझ्याशी बोलला नसतास. बाजारात समोर आलास की मान हलवून निघून गेला असतास. रुसला असतास रे, पण असतास.